डेऱ्याला पत्ता मिळेल का?

हरिद्वार आणि देहरादून ही नावे ऐकली की आपल्याला गंगेचा घाट, निवासी शाळा आणि थंड हवा आठवते. या दोन शहरांच्या मधोमध शिवालिकच्या डोंगररांगा आहेत. त्यांच्या पायथ्याशी सालवृक्षांचे दाट जंगल आहे आणि त्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या म्हशी पाळून राहणारा एक मुस्लिम समाज आहे, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. त्या समाजाचे नाव वनगुज्जर. आसपासच्या शहरांत आणि कसब्यांत त्यांच्या म्हशींचे दूध जाते, पण त्यांच्या घराला सरकारी दप्तरात सहसा जागा नसते.

जंगल, जमीन आणि घर या तीन गोष्टी कशा एकमेकींत गुंतलेल्या असतात, हे समजून घ्यायचे असेल तर वनगुज्जरांची हकीकत जाणून घ्यायला हवी. ती आपल्या दीनी बांधवांची आहे म्हणून जवळची वाटते, हे खरेच. पण त्यातून निघणारे प्रश्न गडचिरोलीच्या गोंडांचे आहेत, कर्नाटकातील सोलिगांचे आहेत आणि आपल्या जळगाव जिल्ह्यातील तडवी बांधवांचेही आहेत.

वर्षातून दोनदा घर बदलणारे लोक

वनगुज्जरांची बोली गोजरी. ती राजस्थानी बोलींच्या कुळातली आहे आणि तिच्यात उर्दू शब्दही भरपूर आहेत. हे लोक मूळचे जम्मू-काश्मीरकडचे, असे त्यांच्यात सांगतात. नाहनच्या, म्हणजे सिरमौर संस्थानच्या राजघराण्यात तिकडची एक राजकन्या सून होऊन आली आणि तिच्याबरोबर आंदण म्हणून म्हशी व गुज्जर आले, अशी एक दंतकथा त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहे.

हिवाळ्यात ही कुटुंबे शिवालिकच्या जंगलात राहतात. एप्रिलच्या सुमारास खाली पाण्याचे झरे आटू लागतात, झाडांवर पाला उरत नाही. मग सगळे कुटुंब, म्हशी, वासरे, सामान लादलेली घोडी-खेचरे असा काफिला हिमालयाच्या दिशेने निघतो. ऊन आणि वाहने टाळण्यासाठी पुष्कळदा रात्री किंवा पहाटे चालायचे, दिवसा थांबायचे. उंचावरच्या हिरव्या कुरणांना तिकडे ‘बुग्याल’ म्हणतात. तेथे उन्हाळा आणि पावसाळा काढून थंडी सुरू होण्याआधी सगळे परत खाली येतात. म्हणजे खालच्या जंगलाला वर्षातील चार-पाच महिने विश्रांती मिळते, आणि वरच्या कुरणाला हिवाळाभर.

म्हैस हे या समाजाचे सर्वस्व. परंपरेने वनगुज्जर दूध विकतात, जनावर कापण्यासाठी विकत नाहीत. बहुतेकांचा आहार दूध, ताक, भाकरी आणि भाजी असाच राहिला आहे. शिकार करणे त्यांच्यात कमीपणाचे मानले जाते. म्हैस दगावली तर घरातले माणूस गेल्यासारखा शोक होतो. जंगलात वाघ, बिबट्या आणि हत्तींच्या शेजारी इतकी वर्षे राहता आले, त्यामागे हा स्वभावही असावा.

माती, लाकूड आणि गवत यांचे घर

वनगुज्जरांच्या घराला डेरा म्हणतात. लाकडाच्या खांबांवर उभी केलेली चौकट, वर गवताने शाकारलेले उतरते छप्पर, भिंतींना आणि जमिनीला मातीचा व शेणाचा लेप. हा लेप स्त्रिया देतात. भांडी ठेवायचे फळीवजा कोनाडे आणि चूलही त्या मातीतूनच घडवतात. घर ऐसपैस असते, कारण पाहुणे, आजारी म्हैस आणि नवे वासरू, सगळ्यांनाच आत जागा लागते. शेजारचा डेरा बराच दूर असतो. म्हशींना चरायला जागा हवी, म्हणून गावासारखी दाटी तेथे होत नाही.

आज वास्तुशास्त्र शिकवणाऱ्या महाविद्यालयांत पर्यावरणपूरक घरावर व्याख्याने होतात. स्थानिक साहित्य वापरा, सिमेंट कमी वापरा, घर उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार राहील असे पाहा, असे त्यांत सांगतात. डेऱ्यात हे सगळे आधीपासून आहे. तो सोडून दिला तर काही पावसाळ्यांत मातीत मिसळून जातो.

पण त्याचे कौतुक करून थांबणे बरोबर नाही. गवताचे छप्पर पेट घेते. ते वरचेवर नव्याने शाकारावे लागते. वीज नाही, दवाखाना दूर, शाळा त्याहून दूर. बाळंतपणाची वेळ आली तर स्त्रीला जंगलातून उचलून न्यावे लागते. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे दुरुस्तीसाठी लाकूड आणि गवत घ्यायचे तर ते जंगलातूनच घ्यावे लागते, आणि जंगल वनखात्याच्या ताब्यात. ज्या जमिनीवर आपला हक्क कोणी मानत नाही, तेथे छप्पर शाकारणे हासुद्धा गुन्हा ठरू शकतो. घरकुल योजनेचा अर्ज करावा, तर त्यासाठी जागेचा कागद लागतो, आणि तो कागदच नाही.

राजाजी उद्यान आणि परतीचा बंद रस्ता

इंग्रजांच्या काळात वनखात्याने या लोकांना परवाने द्यायला सुरुवात केली. कोणत्या कुटुंबाने किती म्हशी घेऊन कोणत्या भागात राहायचे, चराईचे आणि पाला तोडण्याचे शुल्क किती भरायचे, हे त्या परवान्यावर लिहिलेले असे. म्हणजे सरकारला हे लोक तेव्हापासून माहीत आहेत. कुटुंबे वाढली, घरे विभागली, परवाने मात्र त्या प्रमाणात वाढले नाहीत.

१९८३ मध्ये राजाजी, मोतीचूर आणि चिल्ला ही तीन अभयारण्ये एकत्र करून सुमारे ८२० चौरस किलोमीटरचे राजाजी राष्ट्रीय उद्यान करण्याचे ठरले. राष्ट्रीय उद्यानात माणसांची वस्ती आणि चराई चालत नाही. त्यामुळे ज्यांचे घर त्या जंगलात होते, त्यांनीच तेथून निघावे, असा अर्थ निघाला. १९९२ च्या शरद ऋतूत डोंगरावरून खाली परतणाऱ्या कुटुंबांना उद्यानात येण्यास मनाई झाली. म्हशी, मुले, म्हातारी माणसे घेऊन लोक रस्त्यावर अडकले. मोठे आंदोलन झाले आणि अखेर त्यांना आत जाऊ देण्यात आले.

या लढ्यात देहरादूनच्या ‘रूरल लिटिगेशन अँड एंटायटलमेंट केंद्र’ या संस्थेने साथ दिली. तिचे प्रमुख होते अवधेश कौशल. डून खोऱ्यातील चुनखडीच्या खाणींविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेली संस्था ती हीच. तिने वनगुज्जरांसाठी साक्षरतेची मोहीम काढली, आणि एक शिक्षिका म्हणून मला तिची पद्धत फार आवडते. स्वयंसेवक डेऱ्यांवर राहायला गेले, आणि स्थलांतर सुरू झाले तेव्हा शाळाही काफिल्याबरोबर डोंगरावर चालली. हिशेब आला, तेव्हा दूधवाल्या व्यापाऱ्याने उधारीच्या वहीत काय लिहिले आहे ते लोकांना कळू लागले. परवान्यावरचा मजकूरही वाचता येऊ लागला.

१९९७ मध्ये याच संस्थेने वनगुज्जरांबरोबर बसून एक आराखडा प्रसिद्ध केला. राजाजीच्या जंगलाचे व्यवस्थापन वनगुज्जर समाजाकडे द्यावे, वनखात्याने देखरेख आणि मार्गदर्शन करावे, असा त्याचा गाभा होता. आगीवर लक्ष ठेवणे, चोरटी तोड आणि शिकार यांची खबर देणे, कोणत्या भागात किती पाला तोडायचा ते ठरवणे, ही कामे समाज करील असे त्यात मांडले होते. सरकारने तो आराखडा स्वीकारला नाही. कुटुंबांना बाहेर वसवण्याचे धोरण पुढे चालू राहिले. हरिद्वार जिल्ह्यात पथरी आणि नंतर गैंडीखाता येथे वसाहती झाल्या. गैंडीखात्याला प्रत्येक कुटुंबाला सुमारे दोन एकर जमीन मिळाली. काहींनी ती आनंदाने घेतली. मुलांना शाळा मिळाली, दवाखाना जवळ आला. पण पिढ्यान्‌पिढ्या नांगर न धरलेल्या हातांना शेती शिकावी लागली, म्हशी बांधून ठेवाव्या लागल्या, आणि जमिनीच्या मालकीहक्काचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला.

जंगलाचे नुकसान कोण करतो?

वाचक विचारतील, की म्हशींमुळे आणि पाला तोडण्यामुळे जंगलाचे नुकसान होत नाही का? प्रश्न रास्त आहे. एकाच जागी वर्षभर जास्त म्हशी राहिल्या, तेच झाड वरचेवर छाटले गेले, तर झाड खुरटते, नवी रोपे उगवत नाहीत. गंगेच्या पूर्वेकडील चिल्ला भागातून गुज्जर कुटुंबे हलवल्यानंतर तेथे हरणे आणि वाघ वाढल्याचे भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांनी नोंदवले आहे. ही नोंद नाकारून चालणार नाही.

पण त्याच राजाजीचा गंगेच्या पश्चिमेकडील भाग पाहा. तेथे वाघ इतके कमी झाले, की २०२० च्या डिसेंबरपासून कॉर्बेटमधून वाघ आणून सोडावे लागले. दोन्ही भागांच्या मधून रेल्वेमार्ग, महामार्ग, कालवा आणि वाढती वस्ती जाते. वाघांचा आणि हत्तींचा जुना रस्ता त्यामुळे तुटला. गुज्जरांचा डेरा हलवता येतो, रेल्वेमार्ग हलवता येत नाही. त्यामुळे सगळा दोष डेऱ्यावर टाकणे सोपे जाते.

कर्नाटकातील बिळिगिरी रंगनाथस्वामी टेकड्यांचे उदाहरण येथे उपयोगी पडते. तेथे सोलिगा हा आदिवासी समाज राहतो. हा भाग व्याघ्र प्रकल्प झाला, आणि तरीही २०११ मध्ये सोलिगांच्या ग्रामसभांना जंगलावरचे सामूहिक हक्क मिळाले. व्याघ्र प्रकल्पाच्या आत असे हक्क मान्य झाल्याचे ते देशातले पहिले उदाहरण मानले जाते. त्यानंतरच्या सुरुवातीच्या काही वर्षांत तेथील वाघ वाढल्याचे दिसले. सोलिगा पूर्वी ठरावीक हंगामात पालापाचोळ्याला हलकी आग लावत. बंदीनंतर ती पद्धत थांबली आणि घाणेरीच्या झुडपांनी जंगल व्यापले, असे ते सांगत आले आहेत. अभ्यासकही आता या म्हणण्याची गंभीरपणे दखल घेतात.

म्हणजे कोणत्या जंगलात किती जनावरे, किती महिने, कोणत्या नियमाने राहावीत, हे ठिकाण पाहून ठरवावे लागेल. त्या बैठकीत जंगलात राहणारा माणूसही असायला हवा, एवढीच या समाजांची मागणी आहे.

२००६ चा कायदा काय देतो?

संसदेने २००६ मध्ये वनहक्क कायदा केला. त्याचे पूर्ण नाव ‘अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) अधिनियम’. जंगलात राहणाऱ्यांवर इतिहासात अन्याय झाला, हे या कायद्याच्या प्रस्तावनेतच मान्य केले आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असलेल्या वनजमिनीवर, जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंत, कुटुंबाला हक्क मिळू शकतो. ही जमीन वारसांना मिळते, विकता येत नाही. आणि नवरा-बायको असतील तर हक्कपत्र दोघांच्या नावावर निघते. घरातील बहिणींनी ही ओळ लक्षात ठेवावी.

भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्कही या कायद्यात स्पष्ट लिहिला आहे. सामूहिक वनहक्कामध्ये ग्रामसभेला जंगल राखण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार मिळतो. त्याला हेक्टरची मर्यादा नाही. दाव्याचा निर्णय पूर्ण होईपर्यंत कोणाला हलवता येत नाही, असेही त्यात आहे.

मग वनगुज्जरांचे अडते कोठे? जम्मू-काश्मीर आणि हिमाचल प्रदेशात गुज्जर अनुसूचित जमातीत मोडतात. उत्तराखंडात वनगुज्जर त्या यादीत नाहीत. त्यामुळे ते ‘इतर पारंपरिक वननिवासी’ ठरतात आणि त्यांना तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. दर सहा महिन्यांनी मुक्काम हलवणाऱ्या, पेटी-कपाट नसलेल्या घराने ७५ वर्षांपूर्वीचा कागद कोठून आणायचा?

कायद्याच्या नियमांत याचे उत्तर आहे. जुन्या वन-आराखड्यांतील व गॅझेटियरमधील नोंदी, शुल्काच्या पावत्या, शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र चालते. संशोधकांचे अभ्यास आणि संस्थानकाळची कागदपत्रेही चालतात. जुन्या विहिरी आणि दफनभूमी यांसारख्या खुणा पुरावा म्हणून धरल्या जातात. अर्जदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो. अमुकच कागद आणा, असा हट्ट अधिकाऱ्यांनी धरू नये, असे २०१२ च्या सुधारणेने बजावले आहे. जंगलात पुरलेल्या आजोबा-पणजोबांच्या कबरी या समाजाच्या बाजूने साक्ष देऊ शकतात. पण त्या कबरी कोठे आहेत, त्यांची नोंद कोणीतरी करून ठेवायला हवी. ज्या मुलाला लिहिता येते, त्याचे हे काम आहे.

२०२१ चा उन्हाळा

कायदा असूनही काय घडते, ते २०२१ मध्ये दिसले. कोविडच्या दिवसांत उत्तरकाशी जिल्ह्यातील गोविंद पशुविहार राष्ट्रीय उद्यानाच्या वाटेवर वनगुज्जर कुटुंबांना अडवण्यात आले. त्या उद्यानातील बुग्यालांवर ती पिढ्यान्‌पिढ्या जात होती. बायका-मुले आणि म्हशी उघड्या आकाशाखाली पडून राहिल्या. प्रकरण नैनीतालच्या उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने संविधानाच्या अनुच्छेद २१ चा, म्हणजे सन्मानाने जगण्याच्या हक्काचा आधार घेतला आणि या कुटुंबांची व जनावरांची सोय लावण्याचे आदेश दिले. दिलासा मिळाला. पण दर उन्हाळ्यात न्यायालयाची पायरी चढणे कोणत्याही कुटुंबाला परवडणारे नाही.

या समाजातील शिकलेली तरुण मुले आता पुढे येत आहेत. वनहक्काचे दावे भरणे, मुलांच्या शाळा चालवणे ही कामे ती करतात. पावसाळ्यात ‘सेला पर्व’ नावाने झाडे लावण्याचा उपक्रमही त्यांनी सुरू केला आहे. आमच्या म्हशींना पाला लागतो, तर झाडेही आम्हीच लावू, असा त्यामागचा साधा हिशेब.

आपल्या महाराष्ट्रात

हक्क मिळाल्यावर काय होऊ शकते, हे पाहायला आपल्याला उत्तराखंडात जायची गरज नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे सुमारे पाचशे वस्तीचे गोंड गाव. २००९ मध्ये त्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण गावाने बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचा. ग्रामसभा अडून राहिली. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक गावाच्या हाती आले. या गावात निर्णय बहुमताने घेत नाहीत, सर्वांची संमती होईपर्यंत चर्चा करतात. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी तेथे चालवलेली अभ्यास मंडळाची पद्धत शिक्षकांनी जरूर समजून घ्यावी. आधी अभ्यास, मग निर्णय, असा तिचा क्रम.

आणि आता आपल्या घराजवळची गोष्ट. जळगाव जिल्ह्यात यावल, रावेर, चोपडा या तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी तडवी भिल्ल राहतात. ते मुसलमान आहेत आणि अनुसूचित जमातीतही आहेत. त्यांना ७५ वर्षांची अट लागू नाही. १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवला की दावा उभा राहतो. जंगलालगत राहणाऱ्या इतर मुस्लिम कुटुंबांना मात्र तीन पिढ्यांचे वास्तव्य सिद्ध करावे लागेल.

ज्या वाचकांची गावे अशा भागांत आहेत, त्यांनी चार गोष्टी कराव्यात. गावात वनहक्क समिती आहे का ते पाहावे. तिच्यात किमान एक-तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात, त्या नावापुरत्या नसाव्यात. घरातील जुन्या पावत्या, दंडाच्या पावत्यासुद्धा, जपून ठेवाव्यात. ज्या पावतीने आजोबांना दंड झाला, तीच आज ते तेथे होते याचा पुरावा ठरते. वडीलधाऱ्यांचे जबाब ते हयात आहेत तोवर लिहून घ्यावेत. आणि दावा फेटाळला तर लेखी कारण मागावे. ६० दिवसांच्या आत वरच्या समितीकडे दाद मागता येते.

ज्यांचा जंगलाशी संबंध नाही, अशा शहरातील वाचकांनाही काम आहे. आपल्या मशिदींत, मंडळांत वकील आहेत, शिक्षक आहेत, तहसील कचेरीत काम केलेले निवृत्त कर्मचारी आहेत. दावा भरताना नकाशा काढणे, गट नंबर शोधणे, जबाब नीट लिहिणे यासाठी अशा माणसांची गरज असते. सुट्टीत एक आठवडा यावल-रावेरकडे जाऊन दहा कुटुंबांचे कागद नीट लावून दिले, तरी त्या दहा घरांत हक्कपत्राची वाट मोकळी होईल, आणि त्यावर नवऱ्याबरोबर बायकोचेही नाव असेल.